विश्लेषण : राज्यक्रांतीच्या फ्रान्समध्ये व्हॅम्पायर कशासाठी? ‘कॅसलव्हेनिया : नॉक्टर्न’ दखलपात्र का?

व्हॅम्पायर म्हटले की पडका किल्ला, काळा झगा आणि मानेवर दोन दातांच्या खुणा हे चित्र ठरलेले. नेटफ्लिक्सवरील ‘कॅसलव्हेनिया : नॉक्टर्न’ या मालिकेत हे सारे आहेच, पण तिची कथा १७९२च्या फ्रान्समध्ये, राज्यक्रांती ऐन भरात असताना घडते. रक्तपिपासू सरदार, मळ्यावरून निसटलेली गुलाम तरुणी आणि सत्ता जाण्याच्या भीतीने सैतानाशी हातमिळवणी करणारा धर्मगुरू अशी पात्रे असलेली ही मालिका नुसती मारधाड म्हणून सोडून देण्यासारखी नाही. तिने इतिहासाकडून काय घेतले आणि इतिहासाला कुठे बगल दिली, याचा हा आढावा.

मालिका नेमकी काय आहे?

जपानमधील कोनामी या कंपनीच्या ‘कॅसलव्हेनिया’ या व्हिडीओ गेमवर आधारित पहिली मालिका २०१७ ते २०२१ या काळात चार पर्वांत आली. पंधराव्या शतकातील वॉलेशिया आणि पत्नीला चेटकीण ठरवून जाळल्यामुळे माणसांवर सूड उगवणारा ड्रॅक्युला, हा तिचा विषय. ‘नॉक्टर्न’ ही पुढच्या पिढ्यांची कथा. तिचे पहिले पर्व सप्टेंबर २०२३मध्ये, तर दुसरे जानेवारी २०२५मध्ये प्रदर्शित झाले. प्रत्येक पर्वात आठ भाग आहेत. बेलमॉन्ट या व्हॅम्पायर मारणाऱ्या घराण्याचा तरुण वारस रिख्टर हा नायक. लहानपणी आईला डोळ्यांदेखत मारले गेल्याने तो आतून मोडलेला आहे.

मालिकेचे काम अमेरिकेतील टेक्सासच्या पॉवरहाऊस ॲनिमेशन या स्टुडिओने केले आहे. त्यामुळे हिला ‘ॲनिमे’ म्हणावे का, हा वाद चाहत्यांमध्ये जुनाच. मूळ जपानी, रेखाटनाची शैली जपानी वळणाची, लेखन आणि निर्मिती मात्र पाश्चात्त्य. शिक्का कोणताही मारा, मालिकेचे मोल त्यावर ठरत नाही.

१७९२ हेच साल का?

ज्या गेमवरून रिख्टर आला, त्या १९९३च्या ‘रोन्डो ऑफ ब्लड’मध्ये कथेचे साल १७९२ असेच दिलेले आहे. पण तिथे राज्यक्रांतीचा मागमूस नाही. ते साल म्हणजे केवळ एक आकडा. मालिकेच्या लेखकांनी तोच आकडा मनावर घेतला, हे त्यांचे पहिले श्रेय. १७८९मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला, चर्चच्या मालमत्तेचे राष्ट्रीयीकरण झाले, सप्टेंबर १७९२मध्ये राजेशाही संपली आणि २१ जानेवारी १७९३ रोजी सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला. शतकानुशतके दुसऱ्यांच्या श्रमावर जगलेला वर्ग प्रथमच घाबरला होता. मालिकेतील व्हॅम्पायर नेमके याच वर्गातले आहेत. त्यांना क्रांती नको आहे, कारण ती त्यांच्या ताटावर उठली आहे.

ही कल्पना मालिकेची स्वतःची आहे का?

नाही, आणि हेच तिचे बळ. पूर्व युरोपात १७२०-३०च्या दशकांत व्हॅम्पायरच्या अफवांनी खळबळ उडवली, थडगी उकरली गेली. पुढे व्होल्तेअरने या साऱ्याची टर उडवली. खरे रक्तपिपासू दफनभूमीत नसतात. ते दिवसाढवळ्या लोकांचे रक्त पिणारे दलाल आणि सटोडिये असतात व ऐषारामी महालांत राहतात, असा त्याच्या टोल्याचा आशय होता. पुढे मार्क्सनेही भांडवलाला व्हॅम्पायरची उपमा दिली. मराठी वाचकाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. ‘शोषण’ या शब्दातच शोषून घेण्याची क्रिया आहे आणि गरिबाचे रक्त शोषणारा सावकार आपल्या बोलीत पूर्वीपासून आहे. ब्रॅम स्टोकरच्या १८९७मधील ‘ड्रॅक्युला’ने व्हॅम्पायरला परदेशातून आलेले संकट बनवले. ‘नॉक्टर्न’ने त्याला पुन्हा त्याच्या मूळ जागी, म्हणजे हवेलीत, नेऊन बसवले.

ॲनेट हे पात्र कळीचे का?

मूळ गेममधील ॲनेट ही पळवून नेलेली प्रेयसी. नायकाने येऊन सोडवावे, एवढीच तिची भूमिका. मालिकेत ती सेंट-डोमिंग या फ्रेंच वसाहतीतून, म्हणजे आजच्या हैतीतून, पळालेली गुलाम स्त्री आहे. हा बदल काही चाहत्यांना रुचला नाही. पण तो काढून टाकला तर मालिकेत उरते काय? सेंट-डोमिंगमध्ये १७८९च्या सुमारास जवळपास पाच लाख गुलाम होते आणि युरोपात खपणाऱ्या साखरेचा सुमारे ४० टक्के वाटा एकट्या या वसाहतीचा होता. पॅरिसमध्ये स्वातंत्र्य, समतेच्या घोषणा होत असताना तिथे ऊसमळ्यांवर माणसे चाबकाखाली मरत होती. ऑगस्ट १७९१मध्ये तेथील गुलामांनी उठाव केला. फ्रान्सने १७९४मध्ये गुलामगिरी रद्द केली, नेपोलियनने १८०२मध्ये ती पुन्हा लादली आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. १८२५मध्ये फ्रान्सने याच स्वातंत्र्याची किंमत म्हणून त्या देशाकडे १५ कोटी फ्रँक मागितले. रक्त शोषण्याचे याहून ठळक उदाहरण कोणत्याही भयकथेत सापडणार नाही.

ॲनेटची शक्ती लोखंडाची आणि मातीची आहे. ती तिला पूर्वजांकडून, ओगुन या दैवताकडून मिळते. ज्या लोखंडाने तिला बांधले, तेच तिचे शस्त्र होते. तिचा साथीदार एदुआर ऑपेरा गायक आहे. तेही हवेतले नाही. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या रंगमंचावर १७८०च्या दशकात मिनेट ही कृष्णवर्णीय वंशाची गायिका गाजत होती. मालिकेत एदुआरचे रूपांतर राक्षसात होते, तरी त्याचे गाणे थांबत नाही. संपूर्ण मालिकेतील सर्वांत हलवून टाकणारा धागा हाच.

मराठी वाचकाला इथे आणखी एक दुवा आठवेल. राज्यक्रांतीच्या समर्थनार्थ १७९१मध्ये ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहिणारा टॉमस पेन १७९२मध्ये फ्रेंच राष्ट्रीय अधिवेशनाचा सदस्य झाला. पेनच्या विचारांचा महात्मा जोतीराव फुले यांच्यावर मोठा प्रभाव होता आणि १८७३मधील ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केले. ॲनेटची गोष्ट इथल्या वाचकाला वाटते तितकी दूरची नाही.

इतिहासाला बगल कुठे दिली?

मालिका घडते माशकूल या गावात. गाव खरे आहे आणि त्याचा इतिहास मालिकेपेक्षा गुंतागुंतीचा आहे. फेब्रुवारी १७९३मध्ये तीन लाख सैनिकांच्या भरतीचा हुकूम निघाला, तेव्हा पश्चिम फ्रान्समधील वॉन्दे भागातील शेतकरीच क्रांतीविरुद्ध उठले. मार्चमध्ये माशकूलमध्ये बंडखोरांनी प्रजासत्ताकवाद्यांची कत्तल केली. पुढे प्रजासत्ताकाच्या फौजांनी या भागात अमानुष सूड घेतला. म्हणजे प्रत्यक्षात इथे राजा आणि चर्चच्या बाजूने लढणारे अनेक जण गरीब होते आणि क्रांतीच्या हातालाही रक्त लागले होते. मालिका ही अडचण टाळते. तिच्या माशकूलमध्ये एका बाजूला राक्षस व दुसऱ्या बाजूला जनता, अशी सोपी मांडणी होते.

खलनायिका एर्झेबेट बाथोरीचेही तसेच. ही हंगेरियन सरदारीण खरी, १६१४मध्ये कैदेतच मरण पावलेली. तिच्यावर अनेक मुलींच्या हत्येचे आरोप होते, पण तिच्यावर रीतसर खटला चालला नाही आणि कुमारिकांच्या रक्ताने स्नान करण्याची दंतकथा तिच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी छापली गेली. मालिकेने दंतकथा उचलली आणि त्यावर सेख्मेत या इजिप्शियन देवतेची शक्ती चढवली. त्यामुळे दुसऱ्या पर्वात देवतांची लढाई मोठी आणि क्रांती लहान होत जाते.

मग राक्षसावर खापर फोडून माणूस सुटतो का?

मालिकेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच. मळेमालक व्हॅम्पायर होते असे दाखवले की क्रौर्य अमानवी ठरते. प्रत्यक्षातले मळेमालक साधी माणसे होती. ती प्रार्थना करीत, हिशेब लिहीत, मुलांचे लाड करीत. या आक्षेपाला मालिकेने दिलेले उत्तर म्हणजे मठाधिपती इमॅन्युएल. तो माणूस आहे. क्रांती चर्च बुडवेल या भीतीने तो व्हॅम्पायरांशी करार करतो आणि मृतांपासून राक्षसांची फौज घडवतो. प्रत्येक पाऊल टाकताना त्याच्याकडे एक उदात्त कारण असते. ओलरॉक्स हा ॲझ्टेक व्हॅम्पायर उलट टोकाला. स्पॅनिशांच्या हातून आपली नगरी पडलेली पाहिलेला हा राक्षस रिख्टरच्या आईचा मारेकरी आहे, तरी अनेक माणसांपेक्षा अधिक विवेकी वाटतो. दात कोणाला आहेत यावरून दुष्ट कोण हे ठरत नाही, एवढे मालिका नक्की सांगते.

पाहावी का?

हिंसा भरपूर आहे, त्यामुळे ही मुलांची मालिका नव्हे. इतिहास शिकण्यासाठी तिच्यावर विसंबू नये. वॉन्देच्या शेतकऱ्यांविषयी ती काहीच सांगत नाही. मात्र फ्रेंच राज्यक्रांती म्हणजे बॅस्टिल आणि गिलोटिन, एवढ्यावर शालेय पुस्तक अनेकदा थांबते. त्या क्रांतीने दिलेला शब्द समुद्रापलीकडच्या पाच लाख गुलामांनी फ्रान्सपेक्षा अधिक गांभीर्याने घेतला, ही गोष्ट एका ॲनिमेशन मालिकेने घराघरांत पोहोचवली. तलवारी आणि जादूच्या गदारोळात तेवढे जरी प्रेक्षकाच्या लक्षात राहिले आणि त्याने हैतीचा इतिहास उघडून पाहिला, तरी ‘नॉक्टर्न’चे काम झाले.