ब्रेकची हवा काढताना

पाय ठेवला की पेडल स्पंजसारखे दबते आणि दोन-तीनदा मारल्यावर कडक होते, तर ब्रेकच्या नळीत हवा शिरली असण्याची शक्यता मोठी. ब्रेक ऑइल दाबले जात नाही, हवा मात्र दबते. मग पायाचा जोर चाकाला न मिळता बुडबुड्यातच जिरतो.

शिवाय हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि वसईत ओलाव्याला काय तोटा? डॉट ३ चे नवे ऑइल किमान २०५ अंशांना उकळते, ओलावा मुरलेले १४० लाच. सुट्टीत घरची सगळी मंडळी घेऊन गावी निघालात आणि कशेडी उतरताना ब्रेक तापले, तर त्याची वाफ होऊन पेडल तळाला टेकेल. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलाच.

हवा काढायला दोन माणसे लागतात. आत बसायला अम्मी चालतील, मुलगीही. मात्र दोघांचे बोलणे पक्के ठरलेले हवे. गाडी सपाटीवर, चाकांना दगड, जॅकबरोबर भक्कम स्टँड. निपलला पारदर्शक नळी लावा, तिचे टोक थोडे ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. आतल्याने पेडल दाबून “धरलंय” म्हणायचे, बाहेरच्याने निपल पाव फेरा सैल करायचा. बुडबुडे आले की आधी निपल बंद, मगच “सोड”. उलट झाले की हवा पुन्हा आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच.

बहुतेक गाड्यांत सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून होते, पण काहींचा क्रम वेगळा असतो; गाडीचे पुस्तक पाहा. वरची टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. निघालेले ऑइल परत ओतू नका; रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा.

आपल्या खाऱ्या हवेत निपल गंजतात. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रिंग पानाच वापरा. तरीही हलला नाही तर हट्ट नको, मोडलेला निपल गॅरेजला महागात पडतो. टाकीतले ऑइल वारंवार उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे, नुसती हवा काढून भागणार नाही. एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली असेल तर बऱ्याचदा स्कॅनर लागतो, ते काम मेकॅनिककडेच द्या.

शेवटी इंजिन चालू करून पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली गेले तर गाडी गल्लीबाहेर काढू नका.