गाडीतील ध्वनीचा ताळेबंद

यवतमाळहून वणीमार्गे भद्रावतीस दर्शनाला जाताना मागे बसलेल्या मातुःश्री दर खेपेस म्हणत, "स्तवन लागले आहे खरे, पण शब्द उमगत नाहीत." वय ८६, आम्ही दोष कानांना दिला, श्रवणयंत्राची चौकशीही केली.

चूक माझी होती. चिरंजीवांच्या आवडीने बास पूर्ण वाढवलेला, फेडर पुढील स्पीकरांकडे झुकलेला. शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांवरून. त्यांचा नाद क्षीण, आणि खर्जाचा घुमारा त्यांना झाकून टाकतो. (जमेची एकच बाजू फुगवलेले ताळेबंद मी बँकेत पुष्कळ पाहिले आहेत!)

यावेळी भद्रावतीस गाडी सावलीत उभी केली. बास, ट्रेबल शून्यावर आणले, परिचित स्तवन लावले आणि फेडर हळूहळू मागे सरकवला. निर्णय मातुःश्रींचा, चालकाच्या आसनावरून मागचे कळत नाही. धावत्या गाडीत चाकांची घरघर खर्ज गिळते, म्हणून वाटेत बास एक घर वाढवला.

मारेगाव येण्यापूर्वीच मातुःश्री सोबत गाऊ लागल्या. चिरंजीवांनी अद्याप बास मागितलेला नाही.