ती कुठे आहे, की ती कशी होती?

२७ जानेवारी २०२३ ची सकाळ. इंग्लंडमधल्या लँकशायर परगण्यातल्या सेंट मायकल्स ऑन वायर या लहानशा गावात निकोला बुली ही पंचेचाळीस वर्षांची बाई दोन्ही मुलींना शाळेत सोडून, कुत्र्याला घेऊन नदीकाठी फिरायला गेली आणि परत आलीच नाही. काठावरच्या बाकावर तिचा मोबाईल सापडला. ऑफिसची मीटिंग त्यावर तशीच जोडलेली होती. कुत्रा आसपास हिंडत होता. ती नदीत पडली असावी, असा पोलिसांचा अंदाज होता. तेवीस दिवसांनी, १९ फेब्रुवारीला, त्याच नदीत सुमारे मैलभर खाली तिचा मृतदेह मिळाला. जूनमध्ये प्रेस्टनला मृत्यूची न्यायालयीन चौकशी झाली. ती अपघाताने पाण्यात पडली, थंडीतल्या गार पाण्याचा शरीराला धक्का बसला आणि ती बुडाली, असा निष्कर्ष निघाला.

एवढंच असतं तर त्या दूरच्या अपघाताबद्दल इथे लिहायचं कारण नव्हतं. मला लिहायचं आहे ते मधल्या तेवीस दिवसांबद्दल.

त्या दिवसांत हजारो माणसं हौशी गुप्तहेर झाली. इंटरनेटवर रोज नवा तर्क निघे. फोन बाकावर कसा राहिला? कुत्रा कोरडा कसा? तिचा जोडीदार टीव्हीवर बोलताना पुरेसा रडत का नाही? घरी बसून तर्क करणं पुरेना, तेव्हा लोक कॅमेरे घेऊन गावात येऊ लागले. कुणी रानात खणून बघत स्वतःचं चित्रीकरण केलं. पोलिसांना जमाव हटवण्याचे आदेश काढावे लागले. गावातल्या लोकप्रतिनिधींना धमकावणारे, घाणेरडे संदेश गेले आणि त्याबद्दल अटकाही झाल्या. तपासाची प्रमुख अधिकारी बाई होती, तर पत्रकार परिषदेला ती कोणते कपडे घालून आली यावर चर्चा रंगली. (पुरुष अधिकाऱ्याच्या शर्टाबद्दल अशी चर्चा झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.)

या गोंगाटाचा शेवट काय झाला ते बघण्यासारखं आहे. १५ फेब्रुवारीला पोलिसांनी पत्रकार परिषद घेतली आणि सांगितलं की ती नाहीशी झाली तेव्हापासूनच तिची गणना 'जास्त धोका असलेल्या' व्यक्तींत केली होती, कारण तिच्या बाबतीत काही नाजूक गोष्टी होत्या. साहजिकच सगळ्यांनी विचारलं, कोणत्या गोष्टी? त्याच दिवशी पोलिसांनी निवेदन काढून तिच्या रजोनिवृत्तीच्या त्रासाशी जोडलेल्या अत्यंत खाजगी गोष्टी जगासमोर मांडल्या. त्यांचा तपशील इथे लिहायची मला गरज वाटत नाही. घरच्यांनी नंतर म्हटलं की हे जाहीर होणं तिला आवडलं नसतं, पण बाहेर लोक अफवा उठवत होते, तिच्याबद्दलच्या गोष्टी वर्तमानपत्रांना विकण्याच्या धमक्या देत होते.

म्हणजे अफवांचं तोंड बंद करायला त्या बाईचं शरीर आणि मन चव्हाट्यावर मांडलं गेलं. तोंड अर्थातच बंद झालं नाही. त्याला नवं खाद्य मिळालं. तिथल्या गृहमंत्र्यांनी आणि पंतप्रधानांनीही काळजी व्यक्त केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये कॉलेज ऑफ पोलिसिंगचा तपासणी अहवाल आला. ही माहिती जाहीर करणं टाळता आलं असतं आणि त्याची गरज नव्हती, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पोलिसांनी पत्रकारांना वेळच्या वेळी विश्वासात घेतलं नाही, त्यामुळे माहितीची पोकळी तयार झाली आणि ती अफवांनी भरली, असाही ठपका आहे. तो मला पटतो. पण दोष एकट्या पोलिसांवर टाकून हौशी गुप्तहेरांना मोकळं सोडता येणार नाही. 'ती कुठे आहे' या प्रश्नाचं उत्तर नदीत होतं आणि ते शोधायला पाणबुडे होते. लोकांना ते उत्तर पुरत नव्हतं. ती कशी होती, घरात सुखी होती का, हे त्यांना हवं होतं. बाई नाहीशी झाली की तिच्या शोधाचा तिच्या चारित्र्याचा शोध व्हायला वेळ लागत नाही.

हा प्रश्न आपल्या कामाशी अगदी जवळून जोडलेला आहे. हरवल्याची तक्रार नोंदवायला येणाऱ्या घरच्यांना आपण सांगतो की काही लपवू नका. तिला नैराश्य होतं का, गोळ्या चालू होत्या का, आधी कधी जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला होता का, घरात मारहाण होती का. पहिल्या काही तासांत शोध कुठे घ्यायचा हे यावरच ठरतं. पण सकाळी ठाण्यात सांगितलेली गोष्ट संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर दिसणार असेल, तर कोणती आई खरं सांगेल? ती म्हणेल, 'काही नव्हतं हो, हसून खेळून होती.' आणि शोध चुकीच्या दिशेने जाईल. बाईच्या खाजगी गोष्टी जपण्याकडे आपण तिच्या अब्रूचा प्रश्न म्हणून बघतो. तो तिच्या जिवाचाही प्रश्न आहे.

इथे एक आक्षेप येईल आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. पोलिसांवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, हे तर आपणच शिकवलं. खाजगी म्हणून झाकलेलं उघड्यावर आणायचं, हीही आपलीच घोषणा. मग सामान्य लोक प्रश्न विचारू लागले तर आपण नाकं का मुरडायची?

मथुरा प्रकरण आठवून बघू. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, तेव्हा १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या चौघांनाही पोलिसांचं म्हणणं पटलं नव्हतं. पण त्यांनी प्रश्न विचारले ते न्यायालयाला, पोलिसांना, कायद्याला. मुलीच्या अंगावर जखमा का नाहीत, तिचे आधी कुणाशी संबंध होते का, ही उलटतपासणी व्यवस्था करत होती आणि ती थांबवा असं पत्र म्हणत होतं. पुढे पुण्याच्या मंजुश्री सारडाच्या मृत्यूनंतर बायका रस्त्यावर आल्या, तेव्हाही बोट सत्तेकडेच होतं. हौशी गुप्तहेराचं बोट कुणाकडे असतं? कधी बाईकडे, कधी तिच्या माणसांकडे, कधी नदीकाठून जाणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाकडे. उत्तर द्यायला ज्यांना कायद्याने बांधलेलं आहे त्यांच्याकडे ते क्वचितच वळतं.

आणि वळतं तेव्हाही कोणासाठी? अमेरिकेत २०२१ मध्ये गॅबी पेटिटो ही तरुणी प्रवासात बेपत्ता झाली. एका प्रवासी कुटुंबाच्या चित्रीकरणात तिची गाडी दिसली आणि वायोमिंग राज्यातला शोध नेमक्या जागी पोचायला मदत झाली. म्हणजे लोकांचे डोळे उपयोगी पडतात, हे मान्य करायलाच हवं. पण त्याच राज्याच्या एका अहवालानुसार २०११ ते २०२० या काळात तिथे किमान ७१० मूलनिवासी व्यक्ती बेपत्ता झाल्याच्या नोंदी होत्या. त्यांच्यासाठी कोट्यवधी लोक रात्री जागले नाहीत. शिवाय गॅबीच्या बाबतीत मारहाणीची खबर तिच्या मृत्यूच्या आधीच पोलिसांपर्यंत गेली होती. एका वाटसरूने फोन करून सांगितलं होतं की तो पुरुष तिला मारतोय. पोलिसांनी गाडी थांबवली, तीच आक्रमक आहे असं ठरवलं आणि दोघांना एका रात्रीपुरतं वेगळं केलं. रहस्य उकलण्याचा खरा क्षण तो होता आणि त्यात रहस्य काहीच नव्हतं.

आपल्याकडे वसईच्या श्रद्धा वालकरने नोव्हेंबर २०२० मध्ये तुळींज पोलीस ठाण्यात लेखी दिलं होतं की सोबत राहणारा पुरुष तिला मारतो, जिवे मारण्याची धमकी देतो. पुढे तिने तक्रार मागे घेतली. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडिलांनी ती बेपत्ता असल्याची तक्रार दिली. तिचा फोन लागत नाही हे आधी लक्षात आलं होतं ते एका मित्राच्या. पोलिसांच्या म्हणण्यानुसार तिचा दिल्लीत खून झाला तो मे महिन्यातच. नोव्हेंबरमध्ये बातमी फुटल्यावर आपल्या मोबाईलवर काय फिरलं? मारहाणीची तक्रार मागे घेणाऱ्या बाईकडे यंत्रणेने पुन्हा वळून बघायचं असतं का, हा प्रश्न नाही. फिरलं ते असं: घरच्यांचं ऐकलं नाही, लग्न न करता राहिली, परधर्मातला निवडला. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली तीही आंतरधर्मीय विवाहांवर लक्ष ठेवायला, कौटुंबिक हिंसाचारावर नव्हे. सोशल मीडियावरची 'तपासणी' सरकारी निर्णयाच्या किती जवळ जाऊन बसते, ते यात दिसतं.

जुलै २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रातून १,७८,४०० सज्ञान स्त्रिया बेपत्ता झाल्याची नोंद झाली. देशातला मुली आणि स्त्रिया मिळून आकडा तेरा लाखांवर होता. यातल्या पुष्कळजणी नंतर सापडतात किंवा परत येतात. काहीजणी परत यायचं नाही म्हणूनच गेलेल्या असतात, आणि सज्ञान बाईला तो अधिकार आहे.

या शेवटच्या बायकांमुळे मला व्हॉट्सॲपवर येणाऱ्या 'हरवली आहे, दिसल्यास कळवा' या संदेशांची फार धास्ती वाटते. मार खाऊन बाहेर पडलेली बाई आश्रयगृहात असते आणि तिचा लग्नातला फोटो नवऱ्याच्या फोन नंबरासह जिल्हाभर फिरत असतो. पाठवणाऱ्यांत आपल्या बचतगटांच्या बायकाही असतात, अगदी कळवळ्याने. बसस्टँडवर कुणी तिला ओळखतं, फोन करतं, आणि तिने जीव मुठीत धरून केलेली सगळी धडपड वाया जाते.

फोटो पाठवूच नका असं मी म्हणणार नाही. ठाण्यात नोंद करून घेत नाहीत, 'येईल दोन दिवसांत, कुणाबरोबर गेली असेल' म्हणून परत पाठवतात, तेव्हा घरच्यांच्या हातात तेवढंच असतं. पण पुढे ढकलण्याआधी निदान बघावं की खाली नंबर कुणाचा आहे. पोलीस ठाण्याचा नसेल आणि नोंद क्रमांकही नसेल, तर आधी ठाण्यात फोन करून विचारावं. संदेशात वय, उंची, कपडे, शेवटची कुठे दिसली एवढं पुरे. 'मानसिक रुग्ण आहे', 'घरात भांडून गेली' हे घरच्यांनी पोलिसांना सांगायचं, गटावर टाकायचं नाही. ती सापडली तर फक्त 'सापडली' एवढंच कळवावं. कुठे, कशी, कुणासोबत हे विचारणाऱ्यांना उत्तर देऊ नये, आणि आपण आपल्या गटावर टाकलेला फोटो त्याच दिवशी आपल्या हाताने काढून टाकावा.