तासाभरात निदान, तरी औषध तेच का?

पावसाळा सुरू झाला की बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत गर्दी उसळते. मूल दोन दिवस तापाने फणफणलेले असते, नाक वाहत असते आणि आईची झोप उडालेली असते. अशा वेळी नाकातील नमुना घेऊन तेथल्या तेथे विषाणू ओळखता आला, तर अँटिबायोटिक्सचा अर्थात प्रतिजैविकांचा अनावश्यक वापर थांबेल, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. २०२१ साली पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या कोविड संचाला घरगुती वापरासाठी मान्यता मिळाली आणि झटपट चाचणी आपल्या परिचयाची झाली. परंतु ही अपेक्षा कसोटीला उतरते काय?

फिनलंडमधील ओउलू येथील रुग्णालयाने ही कसोटी घेतली. ताप किंवा श्वसनविकाराची लक्षणे असलेली १,२४३ मुले या अभ्यासात होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटाची दाखल होताच तपासणी झाली आणि अनेक विषाणूंचा अहवाल तासाभराच्या आसपास डॉक्टरांच्या हाती आला. दुसऱ्या गटावर नेहमीप्रमाणे उपचार झाले. २०२२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. पहिल्या गटातील २७.३ टक्के, तर दुसऱ्या गटातील २८.५ टक्के मुलांना प्रतिजैविके देण्यात आली. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच.

असे का व्हावे? नाकात विषाणू सापडला म्हणजे कानात वा फुप्फुसात जीवाणूंचा संसर्ग नाहीच, असे ठामपणे म्हणता येत नाही. सर्दीचे काही विषाणू तर मूल बरे झाल्यावरही अनेक दिवस नाकात आढळतात. उलट, साध्या पट्टीवरील इन्फ्लुएन्झा चाचणीत आजार असूनही तो निसटू शकतो. म्हणून अंतिम निर्णय मुलाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनाच घ्यावा लागतो.

याचा अर्थ चाचणी निरुपयोगी आहे, असा नव्हे. इन्फ्लुएन्झाचे औषध पहिल्या ४८ तासांत दिल्यास अधिक गुणकारी ठरते. रुग्णालयात संसर्गित बालकाला इतरांपासून वेगळे ठेवण्यासही तिची मदत होते. मात्र यंत्र माहिती देते, धीर देत नाही. 'काहीतरी स्ट्राँग लिहून द्या' हा पालकांचा आग्रह आणि तो मोडण्याची डॉक्टरांची अनिच्छा, या दोहोंवर यंत्रापाशी उतारा नाही.

या आग्रहाची किंमत मोठी आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ साली जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. आपल्या घरी विनाकारण दिलेल्या औषधामुळे निर्ढावलेला जीवाणू उद्या शेजाऱ्याच्या तान्ह्या बाळाच्या जिवावर उठू शकतो. म्हणूनच हा प्रश्न केवळ वैद्यकीय नाही, तो शेजारधर्माचाही आहे.

तेव्हा पालकांनी चाचणीचा हट्ट धरण्याऐवजी डॉक्टरांना विचारावे: हे औषध आजच आवश्यक आहे का? थांबलो तर कोणत्या लक्षणांवर लक्ष ठेवू? श्वास जलद होणे, छाती आत ओढली जाणे, मूल दूध-पाणी न घेणे, झटके येणे किंवा सुस्त पडून राहणे, यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. एरवी भरपूर द्रवपदार्थ, विश्रांती आणि आईवडिलांचे सावध लक्ष यांनीच बहुतेक मुले बरी होतात.