मुनीम बदलला, तर पेढी चालेल काय?

भिवंडी-वाडा मार्गावर अंबाडी नाका लागतो. वज्रेश्वरीकडे जाणारी वाट येथूनच फुटते. अशा नाक्यावरील दुकानांत आज वहीशेजारी संगणक असतो. बिले, उधारी, मालाचा साठा आणि जीएसटीचे विवरण यांचा भार त्याच्यावरच असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नियमित सुरक्षा-आधार संपला. यंत्र धडधाकट, प्रणाली मात्र कालबाह्य. अशा वेळी व्यापाऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्न येतो : यंत्र तेच, हिशेब तोच ठेवून आतला गाभा तेवढा बदलता येणार नाही काय?

या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्याचे काम जुन्या पेढीवरील मुनीमासारखे असते. तिजोरीला वा कोठाराला कोणी परस्पर हात लावीत नसे. जे हवे ते मुनीमाकडे मागावे लागे. त्याचप्रमाणे हिशेबाची आज्ञावली डिस्क किंवा प्रिंटर परस्पर वापरीत नाही. ती ठरलेल्या शब्दांत कर्नलकडे मागणी करते. मागणीची भाषा सर्वत्र एकच असेल, तर मुनीम बदलूनही पेढी चालावी. याच हेतूने १९८८ मध्ये ‘पॉझिक्स’ हे मानक सिद्ध झाले.

त्याची कसोटीही लागली. डेबियन या मुक्त प्रणालीच्या कार्यकर्त्यांनी २०११ मध्ये बहुतेक आज्ञावली त्याच ठेवून लिनक्सच्या जागी फ्रीबीएसडीचा कर्नल बसवलेली आवृत्ती प्रयोगादाखल दिली. ती चालली, परंतु सांभाळणारे हात अपुरे पडले आणि २०२३ मध्ये तो प्रयत्न थांबला. मायक्रोसॉफ्टनेही २०१६ मध्ये लिनक्सची मागणी विंडोजच्या कर्नलला समजावणारा जणू दुभाष्याच नेमला. तो पुरेना, तेव्हा २०१९ मध्ये खुद्द लिनक्सचा कर्नलच विंडोजच्या घरात आणण्याचे कंपनीने जाहीर केले.

अडचण कोठे आहे? मुनीमाला दोन बाजूंनी व्यवहार सांभाळावा लागतो. एकीकडे आज्ञावली, दुसरीकडे यंत्रे. पहिल्या बाजूची भाषा बऱ्याच अंशी ठरली. दुसऱ्या बाजूची ठरली नाही. प्रत्येक प्रिंटरसाठी, प्रत्येक वायफाय-चिपसाठी ड्रायव्हर लागतो आणि तो एका कर्नलसाठी लिहिलेला दुसऱ्यास सहसा चालत नाही. शिवाय विंडोजची मागणीची भाषा पॉझिक्सहून निराळी. म्हणून सी-डॅक या पुण्यात मुख्यालय असलेल्या सरकारी संस्थेने २००७ मध्ये आणलेली, डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ प्रणाली जुन्या यंत्रावर बसवली, तरी विंडोजसाठी केलेली हिशेबाची आज्ञावली तीत जशीच्या तशी चालेलच असे नाही.

तेव्हा कर्नल सहज बदलता येईल या भरवशावर व्यापार ठेवता येत नाही. मात्र हिशेब बदलत्या प्रणालींत टिकेल असा ठेवणे दुकानदाराच्या हाती आहे. दर महिन्यास खाती कोणत्याही आज्ञावलीस वाचता येतील अशा साध्या तक्त्याच्या स्वरूपात काढावीत, निराळ्या डिस्कवर ठेवावीत आणि दुसऱ्या संगणकावर एकदा उघडून पाहावीत. मुनीम गेला तरी वही पेढीवरच राहिली पाहिजे, हा नियम जुन्या पिढीला ठाऊक होता. संगणकालाही तोच लागू आहे.