इंजिन बंद, दाब कायम

भाड्याची पिकअप दारातच उघडून बसणारी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना आम्ही एकच सांगू: इंजिन बंद केले म्हणजे डिझेलच्या नळीतला दाब लगेच उतरतो, असे समजू नका. कॉमन रेल इंजिनात तो 1000 बारच्याही वर असतो. टायरमधली हवा जेमतेम तीन-चार बारची. म्हणून चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा. चष्मा लावून मगच नट हळूहळू सैल करा. गळती बोटाने कधीच चाचपू नका. बारीक धार कातडीत शिरली, तर खूण सुई टोचल्याएवढीच दिसते. दुखत नसले तरी तडक इस्पितळ गाठा. उशिराने बोट, प्रसंगी हातही जातो. भाडे उद्याही मिळेल, अब्बांचा हात मिळणार नाही.