बस २४ व्होल्टची, मागची कार १२ व्होल्टची: दिवे लागणार कसे?

अमेरिकेत जुन्या प्रवासी बसचं चाकांवरचं घर करून फिरणारी हौशी मंडळी आहेत. मुक्कामाला पोचल्यावर दूध-भाजी आणायला चाळीस फुटी बस कोण काढणार? म्हणून ते बसच्या मागे एक छोटी कार जोडून ओढत नेतात. कारमध्ये कोणीच बसलेलं नसतं. बसचा ब्रेक दाबला की कारचे ब्रेक लाइटही लागायला हवेत, कारण मागून येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कार असते. गोची अशी की मोठ्या कोच बसचं वायरिंग बऱ्याचदा २४ व्होल्टचं असतं आणि कारचं १२ चं.

"आपला काय संबंध?" असं वाटेल. पण २०२३च्या शेवटी टेस्लाने सायबरट्रक रस्त्यावर आणला, त्यात दिवे, काचा, वायपर वगैरेंसाठी ४८ व्होल्टची यंत्रणा आहे. आपल्याकडे ई-रिक्षा ४८ व्होल्टवर धावतात, कार १२ वर आणि मोठे ट्रक-बस २४ वर. एकाच रस्त्यावर इतकी वेगवेगळी व्होल्टेज असताना एकाला दुसरं जोडायची वेळ येणारच.

मुळात दोन व्होल्टेज का?

तुमच्या मोबाइलचा फास्ट चार्जर आठवा. तो व्होल्टेज वाढवतो, म्हणजे तेवढीच पॉवर कमी करंटमध्ये पोचते आणि केबल कमी तापते. बसचंही तसंच. मोठं डिझेल इंजिन फिरवायला स्टार्टरला भरपूर पॉवर लागते, शिवाय वायर बारा मीटर लांब. व्होल्टेज दुप्पट केलं की करंट निम्मा होतो आणि त्याच वायरमध्ये वाया जाणारी ऊर्जा चौथा हिस्सा. १२ वरून ४८ वर गेलं तर हा तोटा सोळावा हिस्सा होतो, किंवा वायर बारीक करून तांबं वाचवता येतं. कंपन्यांना ४८ चा मोह पडतोय तो यासाठी.

जुगाड कुठे फसतो?

बसची वायर थेट कारच्या बल्बला दिली तर बल्ब जळतो, हे सांगायला नको. मग पहिला जुगाड म्हणजे मध्ये रेझिस्टर टाकायचा. हिशोब करून बघू. ब्रेक लाइटचा बल्ब २१ वॉटचा, दोन मिळून ४२ वॉट, म्हणजे १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर. उरलेले १२ व्होल्ट खायला साधारण ३.४ ओहमचा रेझिस्टर लागेल आणि तोही ४२ वॉट उष्णता बाहेर टाकेल, एखाद्या सोल्डरिंग गनसारखा. आता एक बल्ब गेला समजा. करंट कमी झाला, रेझिस्टर कमी व्होल्ट खाऊ लागला आणि उरलेल्या बल्बवर १६च्या आसपास व्होल्ट आले. म्हणजे दुसराही लवकरच जाणार. एलईडी असेल तर करंट इतका कमी की हा हिशोबच कोलमडतो.

दुसरा जुगाड: बसमध्ये १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, त्यातल्या एकीवरूनच वायर काढायची. दिवे लागतात, पण ती बॅटरी सतत उतरत राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते. बॅटरी इक्वलायझर नसेल तर दोन्ही लवकर खराब होतात.

मग बरोबर उत्तर काय?

माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे मला यातली आवडलेली गोष्ट वेगळी आहे. बसकडून येणाऱ्या २४ व्होल्टकडे पॉवर म्हणून बघायचंच नाही, निरोप म्हणून बघायचं. "ब्रेक दाबलाय" एवढाच तो निरोप.

प्रत्येक दिव्याच्या वायरीला २४ व्होल्ट कॉइलचा एक रिले लावायचा. त्याला जेमतेम एक दशांश अँपिअर लागतो, त्यामुळे बसच्या फ्लॅशरला काही जोडलंय हे कळतसुद्धा नाही. रिलेच्या दुसऱ्या बाजूला १२ व्होल्ट, फ्यूज लावून, कारच्याच बॅटरीतून घ्यायचे. पुढे डायोड, म्हणजे करंट उलटा कारच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये घुसत नाही. प्रवास लांबचा असेल तर बसमधून २४ ते १२ चा डीसी-डीसी कन्व्हर्टर लावून कारची बॅटरी चार्ज होत ठेवायची. निरोप वेगळा, पॉवर वेगळी.

फोनच्या दुनियेत हाच प्रश्न संवादाने सोडवला गेला. यूएसबी पॉवर डिलिव्हरीत चार्जर आधी ५ व्होल्टच देतो, फोनशी बोलतो आणि मगच ९, १५ किंवा २० वर जातो. नवीन आवृत्ती तर ४८ व्होल्ट, २४० वॉटपर्यंत जाते. ट्रेलरच्या प्लगमध्ये असं बोलणं नाही. तिथे उपाय आकाराचा आहे: १२ व्होल्टसाठी आयएसओ १७२४ आणि २४ साठी आयएसओ ११८५ हे प्लग एकमेकांत बसू नयेत असेच बनवलेत.

आपल्या रस्त्यावर

आपल्याकडे ना प्लग, ना रिले. बंद पडलेली गाडी दोरखंडाने टोचन करायची आणि निघायचं. रात्री हायवेवर मागच्याला ती गाडी दिसली नाही, तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. शिवाय महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. घरं चाकांवर आली की त्यांच्यामागे काहीतरी जोडलं जाणार, आणि ते जोडून देणारा असेल कोपऱ्यावरचा ऑटो इलेक्ट्रिशियन.

४८ व्होल्टची भर पडल्यावर आणखी एक धोका वाढतो. स्वस्त इलेक्ट्रिक गाडीत दिवे-हॉर्न सगळं एकाच कन्व्हर्टरवर असेल आणि मागे १२ व्होल्टची वेगळी बॅटरी नसेल, तर तो कन्व्हर्टर उडाला की गाडी अंधारात. इलेक्ट्रिक कारमध्ये मोठ्या बॅटरीसोबत छोटी बॅटरी बहुधा असते, ती उगाच नसते. इलेक्ट्रिक गाडी घेताना किंवा जुनी गाडी इलेक्ट्रिक करून घेताना हा प्रश्न नक्की विचारा.

लक्षात ठेवा

• बंद गाडी ओढताना तिची बॅटरी जिवंत असेल तर तिचेच टेल लाइट चालू ठेवा. ब्रेक लाइट आतल्या माणसाने ब्रेक दाबला की लागतात.

• बॅटरी मेली असेल तर मागे लावायचे चुंबकाचे एलईडी दिवे मिळतात. १० ते ३० व्होल्ट लिहिलेले घेतले तर कार असो की ट्रक, दोन्हीवर चालतात.

• ट्रक किंवा बसवरून काहीही जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. इंजिन चालू असताना २८च्या आसपास दिसलं तर ती २४ व्होल्टची गाडी. चौदा दिसलं तर १२ ची.

साधा मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो. गाडीच्या डिकीत स्टेपनीशेजारी त्याला जागा द्या.